विश्लेषण : स्पोर्ट्‌स कार घेतली, पण पळवायची कुठे? अमेरिकेतील ‘ऑटोक्रॉस’चे उत्तर काय?

मध्यरात्रीचा रिकामा रस्ता, डॅशबोर्डवर चढत जाणारा आकडा आणि मागे कर्कश वाजणारे गाणे. अशी रील समाजमाध्यमांवर रोज फिरतात. खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात. एक गट ‘आग लावलीस भावा’ म्हणतो, दुसरा ‘मरायचं तर एकटा मर’ असे सुनावतो. या भांडणात एक साधा प्रश्न राहून जातो. ज्याला वेगाची खरोखर आवड आहे, त्याने ती भागवायची कुठे?

अमेरिकेत या प्रश्नाचे एक उत्तर गेल्या पाच दशकांहून अधिक काळ अस्तित्वात आहे. रविवारची सकाळ, एखादे भलेमोठे रिकामे पार्किंग, शेदोनशे नारंगी शंकू आणि सेकंदाचा हजारावा भाग मोजणारे घड्याळ. या खेळाला तिथे ‘ऑटोक्रॉस’ म्हणतात. त्यासाठी खास रेसिंग कार लागत नाही. सोमवारी ज्या गाडीने कार्यालयात जायचे, तीच गाडी रविवारी स्पर्धेत उतरवता येते. शिक्षण किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या आणि तिथे पहिल्यांदाच स्पोर्ट्‌स कार परवडू लागलेल्या मराठी तरुणांसाठी ही उपयोगाची माहिती आहे. आणि महाराष्ट्रासाठी तो विचार करण्याजोगा नमुना आहे.

ऑटोक्रॉस म्हणजे नेमके काय?

मोकळ्या डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानावर शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखला जातो. चालकाने तो कमीत कमी वेळात पार करायचा. एका फेरीला साधारण ३० सेकंद ते एक मिनिट लागते. स्पर्धा शेजारच्या गाडीशी नसते, घड्याळाशी असते. मार्गावर एकाच वेळी दोन गाड्या असल्या तरी त्यांच्यात मुद्दाम मोठे अंतर ठेवलेले असते. एकमेकांना मागे टाकण्याचा प्रसंगच येत नाही.

मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जावे लागणार नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात बैलगाडा शर्यत अशीच होते. घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो, बारी किती सेकंदांत झाली ते नोंदवले जाते आणि सर्वांत कमी वेळाचा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो. ऑटोक्रॉसचे गणितही तेच आहे. फरक इतकाच की इथे मार्ग सरळ नसतो आणि प्रत्येक स्पर्धेत तो नव्याने आखला जातो.

शंकू पाडला किंवा त्याच्या भोवती आखलेल्या चौकोनाबाहेर ढकलला, तर दोन सेकंदांचा दंड वेळेत मिळवला जातो. मार्गातील एखादे वळण चुकवले तर ती फेरी बाद. दोन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण जिथे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात अनेकदा सेकंदाच्या शंभराव्या भागाचा फरक असतो, तिथे एक शंकू म्हणजे दिवसभराची मेहनत पाण्यात.

नावाबाबत मात्र एक गोंधळ आहे. युरोपात ‘ऑटोक्रॉस’ म्हणजे मातीच्या ट्रॅकवर अनेक गाड्यांनी एकत्र पळण्याची शर्यत. भारतातही या नावाखाली मातीवर आणि डांबरावर अशा दोन्ही प्रकारच्या, वेळ मोजण्याच्या स्पर्धा होतात. या लेखात अमेरिकी पद्धतीच्या ऑटोक्रॉसचा विचार केला आहे.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतील हौशी मोटर शर्यतींची सुरुवात मैदानावर नव्हे, सार्वजनिक रस्त्यावर झाली. ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ म्हणजेच एससीसीए ही संस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. २ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यू यॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन या छोट्या गावात पहिली मोठी शर्यत झाली. गावातील आणि आसपासच्या रस्त्यांचा सुमारे साडेदहा किलोमीटरचा फेरा, आणि रस्त्याच्या कडेला बसलेले हजारो प्रेक्षक.

चार वर्षांनी, १९५२ मध्ये, याच शर्यतीत एक गाडी गावाच्या मुख्य रस्त्यावर प्रेक्षकांना घासली. त्यात सात वर्षांचा एक मुलगा मृत्युमुखी पडला आणि काही जण जखमी झाले. त्यानंतर गावातून शर्यत नेणे बंद झाले. देशभरातच खुल्या रस्त्यावरील शर्यतींचे दिवस संपत आले.

त्या वेळी मदतीला आले अमेरिकी हवाई दल. जनरल कर्टिस लमे हे स्वतः मोटारींचे शौकीन होते. त्यांच्या अखत्यारीतील ‘स्ट्रॅटेजिक एअर कमांड’च्या तळांवरील धावपट्ट्या १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शर्यतींसाठी उपलब्ध झाल्या. पुढे कायमस्वरूपी ट्रॅक उभे राहिले. ज्यांना तेवढा खर्च झेपत नव्हता, त्यांनी पार्किंगच्या जागांवर शंकू मांडून कौशल्याच्या स्पर्धा सुरू केल्या. एससीसीएने या प्रकाराला ‘सोलो’ या नावाखाली नियमांची चौकट दिली आणि १९७३ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. आज ही राष्ट्रीय स्पर्धा नेब्रास्कातील लिंकन येथे, एकेकाळी हवाई दलाचा तळ असलेल्या जागेवर होते. तिथे हजाराहून अधिक स्पर्धक उतरतात.

थोडक्यात, ऑटोक्रॉस ही कुणाच्या डोक्यातून अचानक निघालेली कल्पना नाही. रस्त्यावर एक मूल गेल्यानंतर वेगाची हौस आणि सार्वजनिक रस्ता यांची फारकत करण्याचा जो प्रयत्न झाला, त्यातलीच ती पुढची पायरी आहे.

सुरुवात करायला कोणती गाडी लागते?

जी आहे ती. अनुभवी स्पर्धक नवख्यांना हेच उत्तर देतात. चालू स्थितीतील कोणतीही सेडान किंवा हॅचबॅक चालते. अपवाद उंच आणि अरुंद गाड्यांचा. गुरुत्वमध्य वर असल्याने त्या अचानक वळवताना उलटण्याचा धोका असतो, म्हणून अनेक एसयूव्हींना प्रवेश मिळत नाही.

स्पोर्ट्‌स कारच घ्यायची असेल तर सर्वांत जास्त शिफारस होते ती माझदाच्या एमएक्स-५ या दोन आसनी गाडीची. अमेरिकेत ती ‘मियाटा’ या नावाने ओळखली जाते. १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ती प्रथम दिसली आणि २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने १० लाखांचा टप्पा गाठला. सध्याच्या पिढीतील गाडीचे वजन साधारण १,०६० किलो आणि ताकद १८१ अश्वशक्ती. शेजारी फोर्ड मस्टँग जीटी उभी केली तर तिची ताकद ४८० अश्वशक्तीच्या घरात आणि वजन १,७०० किलोहून अधिक भरते.

मग शंकूंच्या मार्गावर कमी ताकदीची मियाटा पुढे कशी जाते? कारण इथे सरळ पल्ला फारसा नसतोच. गाडीला सतत वळायचे, थांबायचे आणि पुन्हा उसळायचे असते. जड गाडीला दर वळणावर आपलेच वजन आवरावे लागते. हलक्या गाडीचे टायर, ब्रेक आणि स्टीअरिंग यांवर ताण कमी पडतो. शिवाय कमी ताकदीच्या गाडीत चालकाची चूक इंजिनच्या जोरावर झाकली जात नाही, ती लगेच वेळेत दिसते. म्हणून शिकायला ती बरी. टोयोटा जीआर८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड याही याच कारणासाठी नवख्यांच्या आवडत्या आहेत.

महागड्या गाडीपुढे साधी गाडी टिकते कशी?

वर्गवारीमुळे. गाड्यांचे त्यांच्या मूळ क्षमतेनुसार आणि त्यात केलेल्या बदलांनुसार गट पाडले जातात. नवख्यांसाठी ‘स्ट्रीट’ हा गट. यात गाडी जवळपास कंपनीतून निघाली तशीच ठेवावी लागते. शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक पॅड, एअर फिल्टर अशा मोजक्या गोष्टी बदलता येतात. टायरवरही बंधन असते. टायरच्या कडेला ‘ट्रेडवेअर’चा आकडा छापलेला असतो. हा आकडा जितका लहान, तितका रबर मऊ, पकड जास्त आणि झीजही जास्त. स्ट्रीट गटात हा आकडा किमान २०० असावा लागतो, म्हणजे केवळ शर्यतीसाठी बनवलेले टायर वापरून कुणी पुढे जाऊ शकत नाही.

वेगवेगळ्या गटांची तुलना करायची असेल तर प्रत्येक गटाला एकपेक्षा कमी असा एक गुणक दिलेला असतो. समजा एखाद्या साध्या हॅचबॅकने ५० सेकंद घेतले आणि तिचा गुणक ०.८ असेल, तर तिची तुलनात्मक वेळ ४० सेकंद. तगड्या गाडीने ४६ सेकंदांत मार्ग पार केला आणि तिचा गुणक ०.९ असेल, तर तिची वेळ ४१.४ सेकंद. मैदानात मागे पडलेली हॅचबॅक या यादीत पुढे जाते. पाकीट कुणाचे जाड आहे यापेक्षा कुणी गाडी चांगली चालवली, हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिल्या दिवशी काय काय होते?

नावनोंदणी बहुतेक ठिकाणी ऑनलाइन होते. वैध वाहन परवाना आवश्यक. मैदानात शिरताना जबाबदारीच्या कागदावर सही करावी लागते. त्यानंतर गाडीची तपासणी. चाकांच्या नट घट्ट आहेत का, बॅटरी जागेवर पक्की बांधली आहे का, ब्रेकचे पेडल खाली जाते का, कुठे तेलगळती आहे का, सीटबेल्ट नीट आहेत का, एवढेच पाहिले जाते. गाडीतील सुट्या वस्तू बाहेर काढाव्या लागतात. पायाखालची मॅट, पाण्याची बाटली, फोनचा चार्जर, सगळे. वळणावर घरंगळलेली एक बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर काय होईल, याची कल्पना केलेली बरी.

हेल्मेट सक्तीचे, आणि ते प्रमाणित हवे. अमेरिकेत त्यासाठी ‘स्नेल’ या संस्थेचे प्रमाणपत्र मानले जाते. १९५६ मध्ये शर्यतीत डोक्याला इजा होऊन मरण पावलेल्या पीट स्नेल या चालकाच्या स्मरणार्थ ही संस्था पुढच्या वर्षी उभी राहिली. अनेक क्लबांकडे नवख्यांना देण्यासाठी हेल्मेट ठेवलेली असतात.

मग सगळ्यांत महत्त्वाचा भाग, मार्गावरून पायी फिरणे. गाडीत बसल्यावर सगळे शंकू सारखेच दिसतात आणि नवखा चालक त्या नारंगी गर्दीत हरवतो. म्हणून जाणते स्पर्धक मार्ग दोन-तीन वेळा चालून पाठ करतात. कुठे ब्रेक, कुठे नुसता पाय सैल, कोणत्या शंकूच्या आधी गाडी वळवायला लागायचे. आडवा पडलेला शंकू उभ्या शंकूकडे बोट दाखवत असतो. कोणत्या बाजूने जायचे याची ती खूण.

दिवसभरात साधारण चार ते सहा फेऱ्या मिळतात. म्हणजे प्रत्यक्ष गाडी चालवण्याचा वेळ जेमतेम पाच मिनिटे. उरलेल्या वेळात काम. एका गटाने गाड्या चालवायच्या तेव्हा दुसऱ्या गटाने उन्हात उभे राहून पडलेले शंकू जागेवर ठेवायचे, दंड वायरलेसवरून कळवायचा, धोका दिसला तर लाल झेंडा दाखवायचा. लाल झेंडा दिसला की चालकाने जागच्या जागी थांबायचे. त्याची चूक नसेल तर फेरी पुन्हा मिळते. हे काम टाळता येत नाही. लाखभर डॉलरची पोर्श घेऊन आलेला उद्योजक आणि वीस वर्षे जुनी होंडा घेऊन आलेला विद्यार्थी एकाच वळणावर एकमेकांचे शंकू उचलत असतात.

या पाच मिनिटांत माणूस शिकतो काय?

पहिला धडा डोळ्यांचा. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी दर सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोरच्या शंकूकडे पाहत राहिले तर तो शंकू दिसेपर्यंत मागे पडलेला असतो. म्हणून नजर एक-दोन वळणे पुढे ठेवावी लागते.

दुसरा धडा टायरचा. टायरची पकड ठरावीक असते आणि ब्रेक लावणे, वळणे व वेग घेणे या तिन्हींना ती वाटून घ्यावी लागते. सगळी पकड ब्रेकमध्ये खर्च केली तर वळायला काही उरत नाही. स्टीअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. नवखे चालक नेमके हेच करतात. वळणात फार वेगाने शिरतात, मग घाबरून ब्रेक आणि स्टीअरिंग एकदम दाबतात. त्यामुळे प्रशिक्षक पहिल्या दिवशी एकच वाक्य घोकून घेतात : आत हळू शिरा, बाहेर वेगाने पडा.

तिसरा धडा स्वतःविषयीचा, आणि तोच सर्वांत जिव्हारी लागणारा. रस्त्यावर स्वतःला उत्तम चालक समजणारा माणूस पहिल्या फेरीत तीन शंकू पाडतो, एक वळण चुकवतो आणि यादीत तळाला जातो. त्याच्याच गाडीत बसून एखादा अनुभवी प्रशिक्षक तीच फेरी तीन-चार सेकंद कमी वेळात करून दाखवतो. गाडी तीच, टायर तेच. मग उणे कुठे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

खर्च किती?

स्थानिक क्लबच्या एका दिवसाच्या स्पर्धेचे शुल्क बहुतेक ठिकाणी ४० ते ८० डॉलरच्या दरम्यान असते. रुपयांत साधारण साडेतीन ते सात हजार. मोठ्या ट्रॅकवर एक दिवस गाडी चालवायची तर याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात. पेट्रोलचा खर्च किरकोळ. खरा खर्च टायरचा. चांगल्या पकडीचे चार टायर हजार डॉलरच्या आसपास जातात आणि हौस वाढली की ते लवकर झिजतात.

म्हणून पहिल्या वर्षी गाडीत काहीही बदलू नये, असा सल्ला दिला जातो. हवेचा दाब मोजण्याचे चांगले यंत्र, शाबूत ब्रेक आणि भरपूर फेऱ्या एवढे पुरते. एक्झॉस्ट किंवा इंजिनचा संगणक बदलून गाडी अवघड गटात ढकलली जाते आणि चालक आहे तिथेच राहतो.

विम्याचे मात्र आधी पाहावे. संयोजकांच्या विम्यातून स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. वैयक्तिक वाहन विम्याच्या अनेक करारांत वेळ मोजून होणाऱ्या स्पर्धा वगळलेल्या असतात. सपाट मैदानावर, अडथळ्यांपासून दूर मार्ग आखल्याने गंभीर अपघात विरळ असले, तरी गाडी खरचटली तर खर्च खिशातून, हे गृहीत धरूनच उतरावे.

तरीही रस्त्यावरच्या हौसेपेक्षा हे स्वस्तच. व्हर्जिनिया राज्यात ताशी ८५ मैल, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटरपेक्षा अधिक वेग हा नुसत्या पावतीचा विषय नाही. तो फौजदारी गुन्हा ठरतो आणि कायद्यात त्यासाठी १२ महिन्यांपर्यंत कैद आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. व्हिसावर राहणाऱ्यांसाठी फौजदारी नोंद म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

ऑटोक्रॉसमुळे रस्ते सुरक्षित होतात का?

असा सरळ दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. मैदानावर जाणारा माणूस मुळातच नियम पाळणारा असू शकतो. रील बनवणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात आणि शंकूंभोवती फिरणाऱ्या गाडीला ते फारसे मिळत नाहीत.

उलट परिणामाचीही शक्यता आहे. नॉर्वेमध्ये निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण नव्या चालकांना सक्तीचे केले होते. १९८० च्या दशकातील अभ्यासात तरुण पुरुषांचे अपघात त्यामुळे कमी होण्याऐवजी वाढल्याचे दिसले. ‘मला आता घसरणारी गाडी सावरता येते’ हा विश्वास कौशल्यापेक्षा वेगाने वाढतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे नुसते कौशल्य शिकवून भागत नाही. ऑटोक्रॉसमध्ये प्रत्येक फेरीनंतर घड्याळ चालकाची जागा दाखवते, हा त्यावरचा एक उतारा आहे. पण तो प्रत्येकालाच लागू पडेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

नेमके म्हणायचे तर ऑटोक्रॉस रस्त्यावरचा वेग थांबवत नाही. ज्याला थांबायचे आहे, त्याला जायला एक जागा देते.

भारतात आणि महाराष्ट्रात परिस्थिती काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. हे सगळे अर्थातच शर्यतीचे बळी नव्हेत. ट्रक, बस, दुचाकी सगळे यात आले.

सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. राज्य सरकारची लेखी संमती असेल तरच सूट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. गाडीत मूळ नोंदणीशी विसंगत बदल करण्यावर कलम ५२ ची बंधने आहेत. विम्याच्या करारातही ‘संघटित शर्यत’ आणि ‘वेगचाचणी’ वगळल्याचे बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये पोर्शच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. अशा प्रकरणाला ऑटोक्रॉस हे उत्तर नव्हे. परवाना नसलेल्या हाती किल्ली जाणे हा पालकांचा आणि कायद्याच्या अंमलबजावणीचा प्रश्न आहे. ऑटोक्रॉसच्या मैदानावर तर विनापरवाना चालकाला नोंदणीच्या टेबलावरूनच परत पाठवले जाते. मात्र मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर रात्री भरधाव जाणाऱ्या आणि आवाजाने रहिवाशांची झोप उडवणाऱ्या गाड्या पाहिल्या, तर हौस असलेल्या पण जागा नसलेल्या चालकांचा एक वर्ग राज्यात आहे, हे नाकारता येत नाही.

देशात या खेळाची चौकट नाही, असेही नाही. मोटर स्पोर्टचे नियमन करणारी ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्‌स क्लब्ज ऑफ इंडिया’ ही संघटना राष्ट्रीय ऑटोक्रॉस स्पर्धांना मान्यता देते. त्यांत उतरण्यासाठी संघटनेचा स्पर्धा परवाना घ्यावा लागतो. नाशिकने ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ पाहिली आहे, कोल्हापुरात गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील वेगाच्या स्पर्धा झाल्या आहेत. मोठे ट्रॅक मात्र चेन्नई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा येथे. पुण्या-मुंबईच्या हौशी चालकाला तिथे गाडी नेणे म्हणजे सुट्टी, इंधन आणि मुक्काम धरून मोठा खर्च.

ऑटोक्रॉसला असा ट्रॅक लागतच नाही, हे इथे महत्त्वाचे. पुरेसा मोठा सपाट, कठीण पृष्ठभाग, चारी बाजूंनी मोकळी जागा आणि दिवसभरासाठी बंद करता येणारी फाटके पुरतात. गाडीही साधी चालते. मियाटा इथे शोरूममध्ये मिळत नसली तरी स्विफ्ट किंवा पोलोसारख्या हॅचबॅकवर भारतातील अनेक चालक हा खेळ शिकले आहेत.

मग अडते कुठे?

जागेवर आणि जबाबदारीवर. मैदान एका खात्याचे, पोलिसांची परवानगी वेगळी, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची सोय वेगळी. काही झाले तर सही कुणाची, हा प्रश्न आला की फाइल थांबते. अमेरिकेतही जागा सहज मिळत नाहीत. जुन्या धावपट्ट्यांवर इमारती उभ्या राहतात, आवाजाच्या तक्रारी येतात आणि क्लबांना दरवर्षी नवे पार्किंग शोधावे लागते. तिथे फरक पडतो तो राष्ट्रीय संघटनेच्या तयार नियमावलीने आणि सामूहिक विम्याने. जागेच्या मालकाला एकाच कागदात कळते की धोका कुणाच्या अंगावर आहे.

महाराष्ट्राने अशी चौकट दुसऱ्या एका खेळासाठी उभी केली आहे. बंदी असलेल्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. आज शर्यत घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, अटी पाळाव्या लागतात आणि संयोजकाचे नाव कागदावर असते. त्या अटी किती काटेकोर पाळल्या जातात यावर वाद आहेत. पण परवानगी कुणाकडे मागायची आणि जबाबदार कोण, या दोन प्रश्नांना तिथे उत्तर आहे.

मोटारींच्या बाबतीत तेवढे ठरले, तर एखाद्या औद्योगिक वसाहतीतील रविवारी ओस पडणारे ट्रक पार्किंग किंवा वापरात नसलेली धावपट्टी महिन्यातून एक दिवस खुली करणे अशक्य नाही. शंकू स्वस्त आहेत आणि चालकांची वानवा नाही. अर्ज घेऊन कुणाच्या टेबलासमोर उभे राहायचे, हे आधी ठरायला हवे. तोवर अमेरिकेतील मराठी तरुणाने रविवारी जवळच्या क्लबमध्ये नाव नोंदवावे. आणि पुण्या-मुंबईतल्याने मान्यताप्राप्त स्पर्धेचे वेळापत्रक पाहून, टायरमधील हवा तपासून, गाडीतली बाटली बाहेर काढून ठेवावी.